बस्त्याव तांडेलाचं आभाळ

फार वर्षांपूर्वी, शिंपलबंदरच्या कोळ्यांनी नुकताच बाप्तिस्मा घेतला होता, तेव्हाची ही गोष्ट. मी पाहिलेली नाही, माझ्या आजीनंही पाहिलेली नाही, पण आमच्या बंदरावर कुणी ती खोटी म्हणून दाखवावी!

पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, राशींना नशीब विचारू नका. सांगितलं एवढंच, पण नवे भक्त फार कडक असतात. त्यांनी आभाळाकडे बघणंच सोडलं. मेष, वृषभ, कन्या ही जुन्या देवांची घरं, तिकडे नजर गेली तर पाप लागेल, असं ठरवून तांडेल डोक्यावर फडकी ओढून, मान खाली घालून होड्या हाकू लागले. दिवसा ठीक होतं. अंधारात मात्र किनारा कुठे नि खोल दर्या कुठे, काही उमगेना. एक होडी गेली ती परत आलीच नाही.

बस्त्याव तांडेल तेव्हा म्हातारा होऊन घरी बसला होता. तो उठून पाद्रीबाबांकडे गेला.

"बाबा, चांदन्या कोनी केल्या?"

"देवानं."

"मंग त्या आपल्याच की."

पाद्रीबाबा उठून त्याच्याबरोबर वाळूवर आले. त्या संध्याकाळी बस्त्यावनं आभाळ वाचलं, असं म्हणतात. मेंढा म्हणजे आपल्यासाठी बळी गेलेलं कोकरू. बैल गोठ्यातला, बाळाला ऊब देणारा. मिथुनाच्या जोडीतले दोघे म्हणजे जाळी तिथंच टाकून येशूमागे गेलेले भाऊ, आपल्यातलेच. आणि पूर्वेकडून, गावाच्या अंगानं, हातात लोंबी घेऊन वर येते ती कन्या म्हणजे मरियामाय. पाद्रीबाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

गावानं मात्र म्हातारा चळला म्हणून हसून घेतलं. त्याचा एकुलता एक मुलगा इनासही हसला.

मग उपासकाळातल्या एका संध्याकाळी जमिनीवरून वारा सुटला आणि सगळ्या होड्या खोल दर्यात ओढल्या गेल्या. इनास त्यांतच होता. काळोख पडला तसा बस्त्याव खडकावर चढला. तो ओरडला, "इनास, मान वर कर! माय उभी हाय, तिच्याकडं ये!"

म्हाताऱ्याचा आवाज तो केवढा! पण असं म्हणतात, दर्या थांबला, आणि प्रत्येक होडीत कुणी शेजारी बसून बोलावं तशी ती हाक ऐकू आली. इनासनं फडकं काढून वर बघितलं. लोंबीचा तारा एवढा तेजाळला होता की वल्ह्यांची सावली पाण्यावर पडली. इनास ढसाढसा रडला आणि त्यानं होडी वळवली. मागोमाग साऱ्या वळल्या. बस्त्याव एकेकाचं नाव घेऊन हाका मारत राहिला.

शेवटची होडी वाळूला लागली, तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटेना. इनासनं त्याचे पाय धरले, तरी नाही. तो आवाज आभाळानं ठेवून घेतला, असं म्हणतात. पुढे जगला तोवर तो पोरांना नुसतं बोट दाखवून चांदण्या शिकवायचा.

आमच्याकडे अजून बाप्तिस्म्याचं बाळ थेट घरी नेत नाहीत. सगळे वाळूवर थांबतात. आभाळ ढगांनी भरलेलं असलं की जेवण निवतं, पाहुणे कुरकुरतात. एखादी चांदणी दिसली की धर्मबाप बाळाला उताणं धरतो आणि बोट वर करतो. त्या वेळी कुणी एक शब्द बोलत नाही. आमच्या वाटचं सगळं बस्त्याव ओरडून गेला आहे.