मिरीची आई दाणा खाईना

बाळा, सांग बरं, सकाळ झाली आणि आईने हाकच मारली नाही, तर तू काय करशील?

मिरीचं तसंच झालं.

मिरी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. काळं, गोल, इवलंसं. म्हणून नाव मिरी. तिची आई कवडी. रोज सकाळी कवडी हाक मारायची, कुटकुट, कुटकुट! मग मिरी धावायची, तुरुतुरु, तुरुतुरु!

आज कवडी बोललीच नाही. भिंतीशी बसून राहिली. मान आत. पंख खाली. लाल तुरा फिका पडलेला. पुढ्यात दाणे होते. तिने एकही उचलला नाही. तिचं एक पीस तेवढं गळून पडलं.

मिरीने ते पीस आपल्या पंखाखाली धरलं. आणि ती धावली बायजामावशीकडे. परसातल्या सगळ्या कोंबड्या बायजामावशीच्याच.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, औषध दे ना!
माझी आई दाणा खाईना!"

मावशीने कवडीला उचललं. छातीचं हाड हाताला लागलं.

"अगं बाई, पार हलकी झाली गं! पोटात जंत झालेत. औषध आहे माझ्याकडे. पण एकटीला देऊन काय उपयोग? मागच्या खेपेला मी तेच केलं. चुकलंच माझं. बाकीच्यांच्या शिटेतून जंत पुन्हा हिच्या पोटात गेले. सगळ्या कोंबड्या खुराड्यात येऊ देत. मग सगळ्यांना एकदम देते. जा, कोंबड्याला सांग. तो जातो तिथे त्या जातात."

कोंबडा शेवग्यावर बसला होता. त्याच्या शेजारी चार कोंबड्या.

तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, खुराड्यात जा ना!
मावशी औषध देईना,
माझी आई दाणा खाईना!"

"कुकूच कू! मी? त्या चिखलात? पावसाचं पाणी शिरलंय आत. माझे पाय बघ, कसे पिवळेधमक! आधी तिथे राख पसरू दे. मग बघू."

"बघू, बघू, बघू, बघू," चार कोंबड्या म्हणाल्या.

मिरीने वळून पाहिलं. आईचा एक डोळा मिटला होता.

मिरी गेली चुलीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, राख दे ना!
कोंबडा खुराड्यात जाईना,
मावशी औषध देईना,
माझी आई दाणा खाईना!"

चूल गार पडली होती.

"कुठली राख, बाई? होती ती भांडी घासायला गेली. सरपण पेटलं, तर राख होईल. त्याला सांग."

मिरी गेली सरपणाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सरपणदादा, सरपणदादा, पेट ना!
चूल मला राख देईना,
कोंबडा खुराड्यात जाईना,
मावशी औषध देईना,
माझी आई दाणा खाईना!"

"कसा पेटू? ओलाचिंब झालोय मी. ऊन लागलं, तर वाळेन. पण तो ढग बसलाय ना उन्हावर ठाण मांडून! त्याला सांग."

मिरीने वळून पाहिलं. आईचे दोन्ही डोळे मिटले होते.

मिरी उकिरड्यावर चढली. टुण, टुण, टुण. मान वर केली आणि ओरडली.

"ढगोबा, ढगोबा, हट ना!
सरपण चुलीत पेटेना,
चूल मला राख देईना,
कोंबडा खुराड्यात जाईना,
मावशी औषध देईना,
माझी आई दाणा खाईना!"

"मला काय पाय आहेत?" ढग म्हणाला. "वारा ढकलेल, तेव्हा जाईन. वाऱ्याला सांग."

मिरीने वळून पाहिलं. आईची मान जमिनीला टेकली होती.

वारा बांधावरच्या गवतात झोपला होता. मिरी धावली. तुरु... तुरु... पाय दुखत होते.

"वारेमामा, वारेमामा, ऊठ ना!
ढग जागचा हटेना,
सरपण चुलीत पेटेना,
चूल मला राख देईना,
कोंबडा खुराड्यात जाईना,
मावशी औषध देईना,
माझी आई दाणा खाईना!"

"नको गं," वारा म्हणाला. "कंटाळा आलाय. सकाळपासून कुणी खेळलं नाही माझ्याशी. खेळायला काही दे. मग उठतो."

मिरीकडे काय होतं? काहीच नव्हतं.

आता पुढे जायला कुणी उरलं नव्हतं. आणि मागे जाऊन आईला काय सांगायचं? मिरी गवतात बसली. चिक चिक, चिक चिक. खूप रडली.

रडताना पंख हलला. पंखाखालचं पीस दिसलं. आईचं पीस. त्याला आईचा वास होता. ते दिलं, तर मिरीकडे आईचं काय राहील?

मिरीने पीस घट्ट धरलं.

मग सोडलं.

"घे, मामा."

वारा उठला. पीस उडालं, भिर्र! आणखी वर, भिर्र भिर्र! वारा मागे धावला, सूं सूं सूं! धावता धावता ढगावर धडकला. ढग हटला. ऊन पडलं. सरपण वाळलं. चुलीत पेटलं, तडतड तडतड! चुलीने राख दिली. राख गार झाली, तशी मावशीने ती सूपभर नेली आणि खुराड्यात पसरली, भुरुभुरु, भुरुभुरु. कोंबडा उतरला, फडफड! राखेवर एक पाय ठेवला.

"हं. आता ठीक."

"ठीक, ठीक, ठीक, ठीक," म्हणत चार कोंबड्या आत गेल्या.

औषध नीट प्यावं म्हणून मावशीने दुपारपासून त्यांना पाणी दिलं नव्हतं. सगळ्या तहानल्या होत्या. मावशीने परातीत औषधाचं पाणी ठेवलं. कोंबडा प्यायला. चारही कोंबड्या प्यायल्या. एकही राहिली नाही.

कवडी काही उठेना. मावशीने तिला मांडीवर घेतलं. हळूच चोच उघडली. एक थेंब, टिप. थांबली. दुसरा थेंब, टिप. मिरीलाही एक थेंब मिळाला. ई! कडू!

कवडीने डोळे उघडले नाहीत. मावशीने तिला अलगद खुराड्यात ठेवलं.

मिरी तिच्या पंखाखाली शिरली. पंखात रोजची ऊब नव्हती.

"आता वाट बघायची गं," मावशी म्हणाली. तिने खुराड्याचं दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कवडीने बाजरीचे तीन दाणे खाल्ले, चौथा मिरीपुढे टाकला आणि हाक मारली, कुटकुट, कुटकुट.