बारकीचा दहावा घास

फार फार जुनी वेळ. तेव्हा दिवस इवलासा होता. उगवला की मावळला.

वाळूत एक कुर्ली राहायची. कुर्ली म्हणजे छोटा खेकडा. ही तर त्यातही छोटी, म्हणून तिचं नाव बारकी.

बारकी वाळू तोंडात घाली. त्यातलं खाणं चाटून घेई. उरलेल्या वाळूची गोळी करून टाकी. टुप्. एक घास, एक गोळी. बारकीचं पोट दहा घासांचं. आई बिळाशी बसून गोळ्या मोजायची.

टुप् टुप् टुप्. नऊ झाल्या. आणि ऊन गेलं. अंधारात खाणं सापडेना. दहावा घास राहिला. रोज राहायचा. बारकी वाळत चालली होती. आईला झोप लागेना.

बारकी निघाली. तिरकी तिरकी, तुरू तुरू. खडकावर चढली.

"सूर्यकाका, सूर्यकाका, जरा थांब. ऊन टिकेना, दहावा घास मिळेना."

सूर्य म्हणाला, "मी कुठे जातोय? मी इथेच. धरती फिरते गरगर. ती हळू झाली तर ऊन टिकेल."

बारकी निघाली. तिरकी तिरकी, तुरू तुरू. वाळूला तोंड लावलं.

"धरतीमाय, धरतीमाय, हळू फिर. ऊन टिकेना, दहावा घास मिळेना."

धरती म्हणाली, "गिरकी लागली की थांबवत नाही गं. दर्याने अंग घासलं तर हळू होईन."

बारकी निघाली. तिरकी तिरकी, तुरू तुरू. पाण्याशी आली.

"दर्याआजा, दर्याआजा, धरतीला घास. धरती हळू होईना, ऊन टिकेना, दहावा घास मिळेना."

दर्या म्हणाला, "मी जड म्हातारा. मला उठवतं कोण? चांदोबाने ओढलं तर उठेन."

बारकी निघाली. तिरकी तिरकी, तुरू तुरू. परत खडकावर. चंद्र तेव्हा जवळ होता, परातीएवढा.

"चांदोबा, चांदोबा, दर्याला ओढ. दर्या उठेना, धरती हळू होईना, ऊन टिकेना, दहावा घास मिळेना."

चांदोबा म्हणाला, "ओढीन. पण ओढता ओढता मीच मागे सरकतो. लांब गेलेल्याला कोण विचारतं? एखाद्या बहिणीने ओवाळलं तर ओढीन."

बारकी घरी आली. तिरकी तिरकी, तुरू तुरू. आई दारातच होती. कुठे होतीस, किती वेळ, पाय ओले का, सगळं विचारून झालं.

"आई, आई, चांदोबाला ओवाळ. चांदोबा ओढेना, दर्या उठेना, धरती हळू होईना, ऊन टिकेना, दहावा घास मिळेना."

आईला भाऊ नव्हता. ती बाहेर आली. दोन्ही नांग्या वर केल्या. गोल गोल, गोल गोल, चांदोबाला ओवाळलं.

"दादा, जा लांब. लांब गेलास तरी पोरीचा मामा तूच."

आईने ओवाळलं. चांदोबाने ओढलं. दर्या उठला, घळ्ळ घळ्ळ. दर्याने धरतीला घासलं, खर्र खर्र. धरती हळू झाली. ऊन टिकलं.

किती टिकलं? कणभर.

बारकीने चटकन कणभर वाळू तोंडात घातली. पोट भरलं का? नाही भरलं. आई म्हणाली, "कणभर तरी गेला पोटात."

मामा ओढत राहिला. सरकत राहिला. बारकीच्या लेकीला अजून कणभर ऊन मिळालं. लेकीच्या लेकीला अजून कणभर. लेकीच्या लेकीच्या लेकीला अजून कणभर. इतक्या लेकी झाल्या की बोटं पुरायची नाहीत.

मग एका संध्याकाळी एक बारकीशी कुर्ली वाळूत जेवत होती. तिची आई मोजत होती.

टुप्. आठ.
टुप्. नऊ.
ऊन अजून होतं.
टुप्. दहा.

आईने लेकीला आत घेतलं, बिळाला वाळूचं बूच लावलं, आणि गाढ झोपली.