चांगुणेची हाक

खूप मागे, खाडी आजच्यापेक्षा बरीच आत शिरायची तेव्हा, एका मिठागरांच्या गावात चांगुणा नावाची बाई राहत होती. गावाने तिच्यावर एकच काम सोपवलं होतं. सकाळी आणि दुपारी बांधावर चढायचं, आभाळ बघायचं आणि हाक द्यायची, "झाका" नाहीतर "उघडं ठेवा".

यात काय मोठंसं, असं वाटेल. पण मिठागराचा जीव आभाळात टांगलेला असतो. खाडीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, ते उन्हाने आटलं की खाली मीठ धरतं. पावसाची एक सर आली की सगळं पुन्हा पाण्यात. म्हणून पाऊस येणार असेल तर मीठ ओढून ढीग लावायचे आणि गवताने शाकारायचे. आणि एवढं करून पाऊस आलाच नाही, तर मीठ कच्चंच निघालं, ऊन फुकट गेलं आणि कमरा दुखल्या त्या वेगळ्याच.

चांगुणेला ढग ओळखता यायचे. उंचावर पिंजलेल्या कापसासारखे दिसले की ती म्हणे, "हे आज काही करत नाहीत." खालून सपाट, वरून भाताच्या मुदीसारखे गुबगुबीत असले की म्हणे, "हे दिवेलागणीला विरतील." पण तीच मूद पूर्वेच्या डोंगरावर वाढत उंच गेली आणि माथ्यावर लोहाराच्या ऐरणीसारखी पसरली, की घाई करायची. त्यातही वारा बघायचा. खाडीचा वारा जोरात असला तर ढग डोंगरापलीकडेच रिकामा व्हायचा आणि इकडे थेंब यायचा नाही. हे सगळं त्या एका गावापुरतं खरं होतं, शेजारच्या गावाचा हिशेब वेगळा.

एका माघात ती चुकली. ऐरण दिसली, तिने "झाका" म्हटलं, गाव घाम गाळून राबलं. मग वारा फिरला आणि ढग डोंगरापलीकडे निघून गेला. संध्याकाळी आभाळ लख्ख होतं.

त्या गावात शिमग्याला सोंगं काढायची रीत होती. वर्षभरात कुणाची काय फजिती झाली, ती चावडीपुढे करून दाखवायची. त्या वर्षी पोशा नावाचा दांडगा गडी लुगडं नेसून पालथ्या टोपलीवर चढला आणि रखरखीत उन्हात कपाळावर हात धरून "झाका गं बायांनो" करत राहिला. गाव पोट धरून हसलं. चांगुणाही हसली, पण घरी गेल्यावर तिला घास गेला नाही. इतक्या वर्षांत आपलं किती बरोबर आलं, त्याचं सोंग कुणी काढलं नव्हतं, हे तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तिची हाक बदलली. "ढग आहेत खरे. येईलही, जाईलही." पाऊस आला, तर तिने सांगितलेलंच होतं. नाही आला, तरी सांगितलेलंच होतं. लोक म्हणू लागले, "चांगुणेचं आताशा चुकत नाही हो." तिला ते ऐकून बरं वाटायचं.

तिच्या शेजारी ठमाकाकू राहायची. म्हातारी एकटीच होती आणि तिचा एक वाफा होता. ती विचारायची, "मग मी झाकू का नको, ते सांग की."

"काकू, ते तुझं तू बघ," चांगुणा म्हणायची.

वैशाख आला. वाफ्यांत हंगामातलं शेवटचं आणि सगळ्यांत भरघोस मीठ धरलं होतं. ते गलबतवाल्यांना द्यायचं आणि बदल्यात पावसाळाभराचा तांदूळ घ्यायचा, असा गावाचा व्यवहार होता. त्या दुपारी डोंगरावर मूद चढली, फुगली आणि माथ्यावर पसरली. खाडीचा वारा पुरता थांबला होता. डोंगराकडून गार झुळूक आली. चांगुणेच्या मनात शंका उरली नाही. "झाका" हा शब्द ओठांवर आला, तेवढ्यात तिला लुगड्यातला पोशा आठवला.

"ढग मोठा आहे," ती म्हणाली. "येईलही, जाईलही."

"रोजचंच आहे," म्हणत लोक जेवायला गेले आणि जेवून लवंडले.

पाऊस आला तेव्हा माणसं गवताचे भारे घेऊन धावली, पण तोवर वाफे भरून वाहत होते. मीठ आलं होतं त्या वाटेने खाडीला परत गेलं. ठमाकाकू आपल्या वाफ्यात गुडघाभर पाण्यात उभी होती. चांगुणा तिच्याजवळ गेली.

"काकू, मी येईल म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. जाईल असंही म्हटलं होतंस. तुझं काही चुकलं नाही, पोरी. पावसाळाभर पेजेवर काढायचंय ते मला." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "खरं सांग, तुला काय वाटत होतं?"

"पडणार, असंच वाटत होतं."

"मग मला तेवढं का नाही सांगितलंस?"

तो पावसाळा सगळ्या गावाने अर्धपोटी काढला. चांगुणा स्वतःच्या पेजेतली अर्धी पेज काकूकडे नेऊन द्यायची आणि काकू मुकाट्याने घ्यायची.

नवा हंगाम सुरू झाला तशी ती बांधावर चढली आणि मोकळ्या गळ्याने म्हणाली, "मला वाटतं पडणार. चुकेन कदाचित, पण झाका." गावाने झाकलं आणि पाऊस पडला. पुढेही बहुतेक वेळा तिचं बरोबर आलं. पौषात एकदा मात्र साफ चुकलं.

शिमगा आला. गेल्या साली काय झालं ते सगळ्यांना आठवत होतं, म्हणून चांगुणेचं सोंग काढायचं नाव कुणी घेईना. पोशा तर तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तेव्हा चांगुणाच आपलं धुतलेलं लुगडं घेऊन त्याच्या दारात गेली.

"हे नेस," ती म्हणाली. "मागचं तुला आखूड होत होतं."

चुकायच्या भीतीने जो दोन्हीकडून बोलतो, तो कधी चुकत नाही आणि कुणाच्या उपयोगीही पडत नाही.