धवळीने दिलेली थंडीची खबर

माणसं आणि मेंढरं एकमेकांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. धवळी नावाच्या मेंढीला टिटवीनं सांगितलं, "उत्तरेचा वारा सुटलाय, बाई. येत्या आठवड्यात दव गोठणार."

धवळीला स्वतःची काळजी नव्हती. अंगावर दाट लोकर होती. पण तिचा धनी बिरू फाटक्या गोधडीत कुडकुडत झोपायचा. तिचा जीव तुटला. धावत जाऊन तिनं त्याला सगळं सांगितलं.

"बरं झालं सांगितलंस," बिरू म्हणाला आणि कातर घेऊन आला.

तिची लोकर गोधडीत भरून तो पालात गाढ झोपला. टिटवी बोलली तसंच झालं. माळावर दव गोठलं. सकाळी उबेतून तोंड बाहेर काढून त्यानं हाक मारली, "धवळे, तुझ्यामुळं वाचलो गं!"

धवळी उठली नाही.