आधी हात, मग बांगडी

एका चातुर्मासात मी देवापुढे नेम धरला होता, की जे कळलं नाही त्याला मान डोलवायची नाही. तो नेम कामी आला कॉम्प्युटरच्या दुकानात.

सूनबाई केतकीचा लॅपटॉप सुरू होता होत नसे, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची ऑनलाइन शिकवणी होती. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी नवी, वेगवान एसएसडी घालायची म्हणून आम्ही दोघी गेलो. मालक डोंगरेशेठांनी लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टीसारखी लांबट एसएसडी पुढे सरकवून म्हणाले, "सगळ्यात वेगवान. डोळे मिटून न्या."

"आमच्यात बसेल ना?" मी विचारलं.

"मावशी, भारी वस्तू कुठंही बसते! तुम्ही आपली पोथी वाचा."

मागे पाटी होती, पाकीट फोडल्यावर माल परत नाही. केतकी पाकीट फोडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "शेठ, तुमच्या घरी वहिनींना बांगड्या भरताना कासार आधी काय करतो हो?"

"हात दाबून बघतो."

"का? सगळ्यात भारी बांगडी काढून मोकळा का होत नाही?"

"अहो, हातात चढायला नको का ती?"

"मग आमच्या लॅपटॉपचाही हात बघा की!"

शेठ हसले. मग त्यांनी लॅपटॉपचे स्क्रू काढले. आत त्या पट्टीला खाचच नव्हती. चपट्या डबीएवढी जुनी हार्ड डिस्क होती. त्यांनी त्याच मापाची, त्याच जोडणीची एसएसडी बसवली. दुसऱ्या दिवशी केतकीची शिकवणी वेळेवर सुरू झाली.

बायांनो, दुकानदार कितीही घाईत असो, तुम्हीही आधी झाकण उघडायला लावा. पाकीट नंतर.