बाजार चालवणारा गतिरोधक

फार वर्षांपूर्वी महामार्ग पिंपळद गावाच्या बाजारातून जायचा आणि मी त्या रस्त्यावरचा गतिरोधक होतो. माझ्यापाशी गाड्या हळू व्हायच्या आणि माणसं उतरून अनसूयाबाईंच्या हातगाडीवरचे पेरू घ्यायची. बाजार माझ्यामुळेच चालतो, असं मी शेजारच्या कडुनिंबाला रोज ऐकवायचो.

पुढे गावाबाहेरून नवा रस्ता झाला. नगराध्यक्ष ढोमसे म्हणाले, "आता या उंचवट्याचं काय काम? उखडून टाका."

"मी गेलो की बाजार बसलाच म्हणून समज!" मी कडुनिंबाला म्हणालो.

"बघू," तो म्हणाला.

मला उखडून कडेला टाकलं. आठ दिवस मी बाजार ओस पडायची वाट पाहिली. खरं सांगतो, तो पडावा अशी मनातून इच्छाही केली. नवव्या दिवशी एक ट्रक नवा रस्ता सोडून मुद्दाम आत आला.

"मावशी, बरं झालं तो उंचवटा गेला," ड्रायव्हर म्हणाला. "तुमच्या पेरूपायी दर खेपेला कंबर मोडून घ्यायचो!"

अनसूयाबाई हसल्या. "असू दे रे. वीस वर्षं शेजारी होता माझा."

माझा तोरा ड्रायव्हरनं उतरवला होताच. पण लाज वाटली ती बाईंच्या बोलण्यानं.