येसूचे वळण

माडवेळला पहिल्यांदा येणारा माणूस किनाऱ्यावरचा रस्ता पाहून थोडा गोंधळतो. एका अंगाला घरे, खाणावळी आणि दुकाने, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे रस्ता. पण या रस्त्याचा मोठा भाग चालणाऱ्यांचा आहे. गाड्यांना घरांच्या बाजूची अरुंद पट्टीच मिळाली आहे. दोहोंच्या मधे काळ्या दगडांची ओळ आहे आणि ती सरळ नाही. लाटेच्या कडेसारखी ती आत-बाहेर होत जाते. जुन्या पिंपळापाशी तर ती इतकी आत शिरते की तिथून एका वेळी एकच गाडी जाऊ शकते. तिथे प्रत्येकाला थांबावेच लागते. त्या जागेला येसूचे वळण म्हणतात.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या उशिरा लक्षात येते. या रस्त्यावर चालणारी माणसे मागे वळून बघत नाहीत, आणि गाडीवाले हॉर्न वाजवत नाहीत. परवाच एका पाहुण्याने वळणावर हॉर्न वाजवला. पुढे मासळी विकून परतणारी एक मावशी चालत होती. ती मान न वळवताच म्हणाली, "कोणाक हाक मारतंस रे बाबा? दर्याक?" पाहुणा ओशाळला आणि थांबला.

असे का, ते गाबीतवाडीतले दाजी कुबल सांगतात. त्यांच्याकडून ऐकले तसे लिहितो.

पूर्वी इथे रस्ताच नव्हता, नुसती किनाऱ्याची वाळू, पुळण होती. होड्या दक्षिणेच्या टोकाला लागत आणि बाजार उत्तरेला भरे. बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन वाळूतून हव्या तशा चालत जात. मग गावच्या देसायांनी मिठाच्या आणि नारळाच्या बैलगाड्या बंदरापर्यंत जाव्यात म्हणून पुळणीवर दगडमातीचा बांध घातला आणि त्यावर रस्ता केला. रस्ता चांगला होता. देसाईही वाईट माणूस नव्हता, असे दाजी दर वेळी आवर्जून सांगतात. फक्त तो रस्ता त्याने गाडीत बसूनच पाहिला होता.

गाड्या दोन्ही बाजूंनी येऊ लागल्या. बायकांच्या वाट्याला बांधाची कडा उरली. कडेच्या खाली खडक, आणि भरतीला त्यावर पाणी.

वाडीत मथू नावाची बाई होती. तिची लहान मुलगी येसू तिच्या पदराचे टोक मुठीत धरून मागून चालायची. डोक्यावर भरली पाटी असली की बाईला मान वळवता येत नाही. पदराला ओढ लागते आहे ना, एवढ्यावरूनच पोर मागे आहे हे मथूला कळत असे. एके दिवशी भरतीच्या वेळी पिंपळापाशी मागून गाडी आली. गाडीवान ओरडला, "बाजूक हो गो!" मथू कडेला सरकली. पदराची ओढ एकदम थांबली. पोरीने खेळता खेळता हात सोडला असेल असे तिला वाटले आणि ती तशीच चालत राहिली, म्हणे. बाजारात पाटी उतरवून तिने मागे पाहिले, तेव्हा मागे कोणी नव्हते.

येसू सापडली नाही. दर्याने ती परत दिली नाही.

काही दिवसांनी मथू वाडीतल्या बायका घेऊन देसायाच्या अंगणात गेली. डोक्यावर भरली पाटी तशीच होती.

देसाई म्हणाला, "आधी पाटी तरी उतरव गो."

"उतरवूचंय नाय," मथू म्हणाली. "डोक्यार पाटी आसताना मान वळना नाय. मागसून काय येता, ता आमका दिसना नाय. ज्याका दिसता, त्येनाच थांबाक होया. आमका चलाक जागा देवा."

देसाई कदाचित मनातून हलला असेल. पण अंगणात त्याची माणसे बसली होती. तो हसून म्हणाला, "माझ्या बांधार दर्यासुद्धा चढना नाय. जावा, तेकाच इचारा. तो जंयसर येयत, थंयसर जागा तुमची."

दर्या चढेल तिथवरची जागा बायकांची, हे ऐकून माणसे हसली. मथू हसली नाही. "शब्द दिलास," एवढे म्हणून ती परत फिरली.

नारळी पौर्णिमेला सगळ्या बायका रस्त्यावर एकीमागे एक उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पाटीत एक नारळ. सगळ्यात पुढे मथू, पिंपळापाशी. गाड्या अडल्या. गाडीवान ओरडले, शिव्याही दिल्या. एकही बाई हलली नाही. शेवटी देसाई स्वतः आला.

त्या दिवशी वारा नव्हता, लाटही नव्हती. कोणी म्हणतात तेव्हा दुपार होती, वरच्या वाडीचे लोक म्हणतात सांज. पण पाणी कसे आले याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे. दूध उतू जाण्याआधी वर येते, तसे ते आवाज न करता वर आले. बांधाची कडा ओलांडून ते बायकांच्या पायांमधून पुढे गेले आणि बैलांच्या खुरांपाशी येऊन थांबले. बैलांनी माना खाली घातल्या. पिंपळापाशी मात्र पाणी थांबेना. ते आणखी आत गेले आणि मुळांना टेकून मागे फिरले.

मागे फेसाची रेघ राहिली. आणि रेघेपासून समुद्राच्या बाजूला, सगळ्या रस्त्याच्या लांबीभर, बारीक ओल्या वाळूचा थर. त्यावर एकही खूण नव्हती.

"चला," मथू म्हणाली आणि बाजाराकडे चालू लागली.

पण तिच्या मागची तिची जाऊ जागच्या जागी खिळली. मथूच्या पावलांमागे वाळूत लहान पावले उमटत होती. पाऊल टाकणारे कोणी दिसत नव्हते, पाऊल मात्र उमटत होते. आणि मथूच्या पदराचे टोक कोणी धरावे तसे मागे ताणलेले होते.

"मथू," जाऊ कशीबशी म्हणाली, "मागे बघ गो!"

मथू थबकली. तिने मान वळवली नाही.

"डोक्यार पाटी आसा," ती म्हणाली. मग हळूच विचारले, "ती आसा?"

"आसा."

"मगे चला."

ती पुढे गेली. सारा गाव मागून पाहत होता. फक्त मथूनेच पाहिले नाही. बाजारात पोचून तिने पाटी उतरवली आणि वळली, तेव्हा लहान पावले तिच्या पावलांपाशी येऊन संपली होती. पदराचे टोक ओले होते, लहान मुठीत धरल्यासारखे चुरगळलेले.

असे सांगतात की देसायाने तिथेच वहाणा काढल्या आणि आपला रस्ता पहिल्यांदा पायी चालून पाहिला. फेस सुकायच्या आत त्याने त्या रेघेवर दगड मांडायला लावले.

पुढे काळ बदलला. दगडांवर डांबर चढले, मोटारी वाढल्या, चालणारे पुन्हा कडेला गेले. मग नगरपंचायतीने रस्ता नव्याने बांधून चालणाऱ्यांना जास्त जागा द्यायचे ठरवले. इंजिनियर साहेबांनी नकाशावर सरळ रेघ मारली होती. डांबर उखडले, तर खाली दगड जिथल्या तिथे होते.

"इथे गाड्या अडतील," साहेब वळण दाखवून म्हणाले.

"अडतल्योच," दाजी म्हणाले. "तुमची रेघ सरळ आसा, सायबानू. पण ती दर्यान मारूक नाय."

साहेबांनी वाकून दगडांची ओळ पाहिली. मग त्यांनी नकाशा गुंडाळला आणि दगडांवरूनच आखणीची दोरी धरायला सांगितली.

आजही नारळी पौर्णिमेला वाडीतल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन पिंपळापासून बाजारापर्यंत चालत जातात. पुढची बाई पदर मोकळा सोडते. तिच्या मागे एका लहान मुलापुरती जागा रिकामी ठेवतात आणि त्या जागेत कोणी पाऊल ठेवत नाही. वळणावर गाड्या थांबलेल्या असतात. आपल्या मागे कोण आहे, हे बघायला एकही बाई वळत नाही.